व्हिसा कुणाचा, टूर कुणाची?

क्रूझला निघालेल्या आपल्या माणसाला दोन गोष्टींची धास्ती असते. एक, बोट लागण्याची. दुसरी, व्हिसाची. पहिलीवर केमिस्टकडे गोळी मिळते. दुसरीवर जहाजवाले टूर विकतात.

गंमत बाजूला ठेवू. क्रूझचा साधा फंडा असा असतो : जहाज सकाळी एखाद्या बंदराला लागतं, संध्याकाळी सुटतं. मधल्या आठ-दहा तासांत गाव बघायला तुमच्याकडे दोन रस्ते. एकतर जहाजाच्या टूर डेस्कवर जाऊन त्यांची एक्स्कर्शन घ्या, नाहीतर घरी बसूनच त्या गावातला एखादा लोकल टूरवाला बुक करा. जहाजाची टूर महाग, पण टेन्शन नाही. बाहेरची स्वस्त, पण वेळेवर परतायची जबाबदारी आपली. नॉर्मल बंदरात हिशोब इथेच संपतो.

पण ज्या देशात उतरायला व्हिसा लागतो, तिथे हिशोबात तिसरा आकडा येतो. ‘आपल्याला उतरू तरी देतील का?’ आणि भारतीय पासपोर्ट खिशात असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारायची गरजच नसते. तो आपोआप घाबरतो. व्हीएफएसच्या रांगेत उभं राहून, सहा महिन्यांची बँक स्टेटमेंट्स काढून, फोटोची साइझ चुकली म्हणून पुन्हा फोटो काढून आपलं ट्रेनिंगच तसं झालेलं असतं. मग जहाजवाला म्हणाला, ‘व्हिसा नाही? काळजी नको, आमची टूर घ्या’, की आपण किंमतसुद्धा न वाचता सही करतो.

२०१९ च्या जुलैमध्ये मी आणि माझी आत्या बाल्टिक समुद्रातल्या क्रूझवर गेलो होतो. कोपनहेगनहून निघायचं, स्टॉकहोम, हेलसिंकी, दोन दिवस सेंट पीटर्सबर्ग, मग टॅलिन आणि परत. आत्या बँकेतून नुकतीच रिटायर झालेली. माझं मास कॉमचं शेवटचं वर्ष संपलेलं. तिच्याकडे पैसे, माझ्याकडे वेळ. परफेक्ट जोडी!

आत्याला खरं तर क्रूझमध्ये इंटरेस्ट नव्हता. बुफे, स्विमिंग पूल, रात्रीचे शोज, यातलं काहीच नको होतं. तिला पीटर्सबर्ग हवं होतं. तिच्या तरुणपणी आपल्याकडे रशियन पुस्तकांची प्रदर्शनं लागायची, कडक पुठ्ठ्याची जाडजूड पुस्तकं अगदी चणे-फुटाण्याच्या भावात मिळायची, त्यात मराठी अनुवादही असायचे. त्यातून आत्याला जो दोस्तोव्हस्की चिकटला तो चाळीस वर्षं सुटला नाही. ‘क्राइम अँड पनिशमेंट’मधला रास्कोल्निकोव्ह आपल्या घरापासून त्या सावकारीण म्हातारीच्या घरापर्यंतचं अंतर मोजतो, बरोब्बर ७३० पावलं. आत्याला ती पावलं चालायची होती. बस्स.

जहाजाच्या टूरच्या यादीत राजवाडे होते. हर्मिटाज होतं, पीटरहॉफची कारंजी होती, बॅले होता, नदीतली बोटराइड होती. सगळं एकदम छान. पण ७३० पावलं नव्हती, आणि ज्या घरात दोस्तोव्हस्की वारला ते घरही नव्हतं. चाळीस माणसांच्या बसमध्ये एका रिटायर्ड बँकवालीची पावलं कोण मोजणार?

मुंबईतल्या आमच्या ट्रॅव्हल एजंटचं उत्तर ठाम होतं. ‘मॅडम, रशियाचा व्हिसा नाही ना? मग जहाजाचीच टूर कंपलसरी. बाहेरची केली तर पोर्टवरूनच परत पाठवतात.’

आत्यानं फोन ठेवला आणि मला म्हणाली, ‘अगं, हे कुठे लिहिलंय ते बघ जरा.’

नियमात नाव कुणाचं?

बँकेत आयुष्य घालवलेल्या बाईची ही सवय मला तेव्हा फार उपयोगी पडली. कारण लिहिलेलं भलतंच होतं.

रशियाच्या सरकारनं मे २००९ मध्ये एक निर्णय काढला होता. क्रूझ किंवा फेरीबोटीनं ठराविक बंदरांवर येणाऱ्या पर्यटकाला ७२ तासांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येईल. अट अशी, की त्याची टूर लायसन्स असलेल्या टूर ऑपरेटरनं आयोजित केलेली हवी. लायसन्स असलेला ऑपरेटर. जहाज कंपनीचा असं त्यात कुठेही नाही. पीटर्सबर्गमध्ये असे लायसन्स असलेले कितीतरी स्थानिक ऑपरेटर होते आणि त्यांचा अख्खा धंदा याच एका नियमावर चालायचा. तुम्ही बुकिंग केलंत की ते तुमचं नाव, पासपोर्ट नंबर, जहाज, तारीख घालून एक टूर तिकीट ई-मेल करायचे. इमिग्रेशनच्या खिडकीवर तेच व्हिसाच्या जागी चालायचं.

मग एजंट खोटं बोलत होता का? मला वाटतं, नाही. त्यानं जहाजाचं पत्रक वाचलं होतं. पुढे जहाजावर तेच पत्रक आमच्या केबिनच्या दाराखालूनही सरकवलं गेलं. त्यातही लिहिलं होतं, की व्हिसा नसलेल्यांना ‘आयोजित टूर’बरोबरच उतरता येईल. शब्द अगदी बरोबर. फक्त त्याच कागदाच्या मागच्या बाजूला जहाजाच्या टूरचं रेटकार्ड छापलेलं होतं. पान उलटताना ‘आयोजित टूर’चं ‘आमची टूर’ कधी झालं हे वाचणाऱ्याला कळतच नाही. थिएटरमधल्या माहिती सेशनलाही तेच झालं. कुणीतरी विचारलं, ‘बाहेरची टूर चालेल?’ स्टेजवरचा माणूस हसून म्हणाला, ‘आम्ही फक्त आमच्या टूरची खात्री देऊ शकतो.’ शंभर टक्के खरं. आणि अर्धा हॉल टूर डेस्ककडे पळाला.

इथे दोन वेगवेगळे प्रश्न एकमेकांना चिकटवलेले असतात. पहिला, मला उतरायची परवानगी कोण देतं? दुसरा, मला गाव कोण दाखवतं? पहिल्याचं उत्तर त्या देशाचं सरकार देतं. दुसऱ्याचं आपण द्यायचं असतं. जहाज कंपनी दोन्हींचं एकच पॅकेज करते, कारण घाबरलेला गिऱ्हाईक भाव करत नाही.

आम्ही बाहेरचा ऑपरेटर घेतला. पहिला दिवस छोट्या ग्रुपबरोबर, हर्मिटाज आणि पीटरहॉफ. दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस फक्त आम्ही दोघी आणि एक गाइड. पैसे वाचले का? ग्रुप टूरमध्ये वाचले, मुंबई-गोवा विमानाचं रिटर्न तिकीट येईल इतके. पण ते सगळे दुसऱ्या दिवशीच्या प्रायव्हेट गाइडवर गेले. थोडक्यात बरोबरी. त्यामुळे ‘बाहेरची टूर म्हणजे स्वस्तात मस्त’ हे मी काही सांगणार नाही. आम्ही स्वस्ताईसाठी गेलोच नव्हतो.

खिडकीवरची दोन मिनिटं

पीटर्सबर्गचं क्रूझ टर्मिनल वासिलिव्हस्की बेटावर आहे, समुद्रात भर घालून बांधलेलं. आत काचेच्या केबिन्सची रांग. आत्यानं टूर तिकिटाच्या तीन प्रिंट काढल्या होत्या. एक हातात, एक पर्समध्ये, एक माझ्याकडे. केबिनमधल्या बाईनं पासपोर्टची पानं चाळली, शेंगेनचा व्हिसा पाहिला, तिकिटावरचं नाव आणि पासपोर्टवरचं नाव जुळवून बघितलं, एकदा आत्याकडे, एकदा फोटोकडे. ठप्प! शिक्का. दोन मिनिटं लागली असतील.

शेजारच्या रांगेत नागपूरचे एक काका-काकू होते. जहाजावर ओळख झालेली. ते जहाजाच्या टूरवर. त्यांनाही तीच खिडकी, तोच शिक्का, तितकीच दोन मिनिटं. काकूंनी माझ्याकडे बघून विचारलं, ‘अगं, तुम्हाला सोडलं?’ त्यांच्या आवाजातलं आश्चर्य मला अजून आठवतं. आपण कुठेतरी गृहीतच धरलेलं असतं, की आपल्याला सोडणं ही समोरच्याची मेहेरबानी आहे.

बाहेर आमच्या नावाची पाटी घेऊन गाइड उभी होती. पहिला दिवस राजवाड्यांत गेला, ते वर्णन तुम्ही शंभर ठिकाणी वाचलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सेनाया चौकात उतरलो. तिथून रास्कोल्निकोव्हचं घर म्हणून दाखवतात त्या कोपऱ्यावरच्या इमारतीपाशी. घर कादंबरीतलं, म्हणजे काल्पनिक, पण कोपऱ्यावर दोस्तोव्हस्कीचं शिल्प आहे आणि लोक येऊन उभे राहतात. आत्या निघाली. तोंडानं पुटपुटत, एक, दोन, तीन... मी मागे, गाइड शेजारी. कालव्याचा पूल आला, वळणं आली, ट्रॅफिक आला. ७३० झाली तेव्हा सावकारीण म्हातारीचं घर कुठे दिसतही नव्हतं. हजाराच्या पुढे आत्यानं मोजणं सोडलं. ‘त्याची पावलं लांब असतील,’ एवढंच म्हणाली. आणि खुशीत हसली.

मग कुझनेच्नी गल्लीतलं ते घर. दोस्तोव्हस्की शेवटची वर्षं इथे राहिला, ‘द ब्रदर्स करामाझॉव्ह’ इथेच लिहिली, १८८१ मध्ये इथेच वारला. आता म्युझियम आहे. घड्याळ त्याच्या मृत्यूच्या वेळेवर थांबवून ठेवलेलं. आत्या त्याच्या लिहायच्या टेबलासमोर किती वेळ उभी होती मला माहीत नाही. गाइडनं एकदाही घड्याळाकडे बघितलं नाही. चाळीस माणसांच्या बसमध्ये हे झालं नसतं, याची मला खात्री आहे.

तरीही पदराला बांधलेल्याच

पण थांबा. बाहेरच्या टूरची आरती ओवाळायला मी बसलेली नाही.

म्युझियममधून बाहेर पडल्यावर आत्याला नेव्हस्की प्रॉस्पेक्टवर एकटीला चक्कर मारायची होती. अर्धा तास फक्त. गाइडनं नम्रपणे पण ठाम नकार दिला. टर्मिनलवर भेटल्यापासून टर्मिनलवर सोडेपर्यंत तुम्ही माझ्याबरोबर, कारण तुम्ही माझ्या कंपनीच्या नावावर देशात आहात. आत्या मला मराठीत म्हणाली, ‘म्हणजे दावं बदललं, गोठा तोच.’ अगदी खरं होतं. जहाजाची टूर काय, बाहेरची टूर काय, त्या नियमाखाली आम्ही कुणाच्या तरी पदराला बांधलेल्याच होतो. मोकळं फिरायचं तर तिसरा रस्ता होता, स्वतःचा रशियन व्हिसा काढण्याचा. तेव्हा त्यासाठी रशियाकडून आलेलं आमंत्रणपत्र लागायचं, मुंबईत पासपोर्ट जमा करावा लागायचा, आणि आमचे पासपोर्ट आधीच कित्येक दिवस शेंगेनसाठी अडकलेले होते. वेळ नव्हता. हा आम्ही समजून-उमजून केलेला सौदा होता.

दुसरी गोष्ट जास्त सीरियस. त्याच दिवशी पीटरहॉफला नागपूरच्या काकूंचा पाय मुरगळला. त्यांच्या बरोबरच्या जहाजाच्या माणसानं तिथूनच फोन लावला, गाडीची सोय केली, टर्मिनलवर व्हीलचेअर तयार होती. त्यांची बसही संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. आणि जहाज थांबलं! जहाज स्वतःच्या टूरच्या बससाठी थांबतं. आमच्या व्हॅनसाठी थांबलं नसतं.

आता इथे भारतीय पासपोर्टचा मुद्दा खऱ्या अर्थानं येतो. जहाज चुकलं, तर ७२ तासांचं घड्याळ चालू असलेल्या देशात, व्हिसाशिवाय, जहाजाशिवाय सगळेच उभे, पण जर्मन किंवा स्वीडिश माणसाला पुढच्या बंदरात तरी सहज शिरता येतं. आपल्याला मात्र तिथेही व्हिसा हवा. पुढचं बंदर टॅलिन, म्हणजे पुन्हा शेंगेन. तुमचा शेंगेन व्हिसा सिंगल एंट्रीचा असेल, तर तो हेलसिंकी सोडून रशियात शिरलात तेव्हाच संपलेला! खरं म्हणजे जहाज चुकलं नाही तरी संपलेला. त्यामुळे अशा रूटला मल्टिपल एंट्री लागतेच, जहाजाची टूर घ्या किंवा न घ्या. ही गोष्ट टूर डेस्कवरचा माणूस तुम्हाला सांगत नाही, कारण ते त्याचं कामच नाही.

आमच्या ऑपरेटरनं लेखी दिलं होतं, की आमच्यामुळे जहाज चुकलं तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च आमचा. आत्यानं तो ई-मेलही प्रिंट करून घेतला होता. आणि तरीसुद्धा तिनं प्रायव्हेट टूर सकाळची घेतली, दुपारी तीनलाच आम्ही टर्मिनलवर परत. ‘गॅरंटी वेगळी, आणि कॅश हातात असणं वेगळं,’ असं तिचं म्हणणं.

मग आज काय?

ते पीटर्सबर्ग आज क्रूझच्या नकाशावर तसं राहिलेलं नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर हल्ला केला आणि मोठ्या आंतरराष्ट्रीय क्रूझ कंपन्यांनी ते बंदर आपल्या रूटवरून काढून टाकलं. गंमत म्हणजे भारतीयांना संपूर्ण रशियात चालणारा ई-व्हिसा १ ऑगस्ट २०२३ पासून मिळायला लागला. कागद सोपा झाला, जहाज गेलं.

पण प्रश्न तोच आहे, फक्त बंदरं बदललीत. आणि प्रत्येक देशानं ‘परवानगी’ आणि ‘टूर’ यांची गाठ वेगवेगळी मारलेली आहे. जरा बघा.

चीननं १५ मे २०२४ पासून क्रूझनं येणाऱ्या परदेशी ग्रुप्सना १५ दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला. पण ग्रुप किमान दोघांचा हवा, तो चीनमधल्या ट्रॅव्हल एजन्सीनं आयोजित केलेला हवा, आणि त्याच जहाजानं पुढे जायचं. म्हणजे इथे गाठ आहे, पीटर्सबर्गसारखीच. एकट्यानं पाठीवर सॅक मारून उतरायचं असेल तर या सवलतीच्या भरवशावर जाऊ नका.

जपाननं २०१५ मध्ये मान्यताप्राप्त क्रूझ जहाजांच्या प्रवाशांसाठी वेगळी लँडिंग परमिशन सुरू केली. तिथे गाठ जहाजाशी आहे, टूरशी नाही. तुमचं जहाज त्या यादीत आहे का, आणि तुमची क्रूझ जपानमधूनच तर सुरू होत नाही ना, हे महत्त्वाचं. उतरल्यावर ट्रेन पकडा, नाहीतर नुसते रामेन खा.

व्हिएतनामनं १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्या देशांच्या नागरिकांना ९० दिवसांचा, मल्टिपल एंट्रीचा ई-व्हिसा खुला केला. इथे गाठ सोडवणं तुमच्याच हातात आहे. फक्त फॉर्ममध्ये कुठल्या बंदरातून शिरणार ते निवडायचं असतं, आणि ते तुमच्या जहाजाच्या बंदराशी जुळायला हवं.

सिंगापूरहून सुटणाऱ्या तीन-चार रात्रींच्या क्रूझ तर आपल्याकडे ऑफिसच्या ग्रुप्समध्ये भलत्याच पॉप्युलर. तिथे टूरपेक्षा एंट्रीचा हिशोब मोठा. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतलात तरी ती दुसरी एंट्री असते. आणि हे सगळं परदेशातच असतं असं समजू नका. लक्षद्वीपला जायला आपल्याच देशात आपल्याला एंट्री परमिट लागतं. तेव्हा तिकडे जाणाऱ्या क्रूझवाल्याला हे विचारायलाच हवं, की परमिट तुम्ही काढणार की आम्ही?

तर निवड कशी करायची? आधी परवानगीचा प्रश्न सोडवा. त्या देशाच्या इमिग्रेशनचा नियम उघडा आणि त्यात नाव कुणाचं आहे ते शोधा. जहाजाचं, कुठल्याही मान्यताप्राप्त ऑपरेटरचं, की फक्त तुमचं? मग जहाज कंपनीला फोन न करता मेल करा, की ‘बाहेरच्या ऑपरेटरचं टूर तिकीट दाखवून मला उतरता येईल का?’ लेखी उत्तर येऊ द्या. बाहेरचा ऑपरेटर ठरवलात तर लायसन्स, तिकिटावरचं स्पेलिंग, परतायची वेळ आणि जहाज चुकल्यास काय, एवढं त्याच्याकडूनही लेखी घ्या. जहाजानं पासपोर्ट रिसेप्शनला ठेवून घेतला असेल तर आदल्या रात्रीच मागून घ्या. आणि हे सगळं करून तुम्हाला झोप येणार नसेल, बरोबर गुडघेदुखीवाले आई-बाबा असतील, बंदरापासून शहर दोन-तीन तासांवर असेल, तर सरळ जहाजाची टूर घ्या. त्या जास्तीच्या पैशांत ‘जहाज थांबेल’ ही खात्री मिळते, आणि ती खरी वस्तू आहे. फक्त ती विकत घेताना आपण व्हिसा विकत घेतोय असं समजू नका.

नागपूरच्या काकू शेवटच्या रात्री डेकवर भेटल्या. पायाला क्रेप बँडेज. जहाजाच्या टूरवर त्या पूर्ण खूश होत्या आणि त्यांना तसं असायचा हक्कच होता. त्यांनी आत्याला विचारलं, ‘तुम्ही नेमकं काय बघितलंत हो?’ आत्या म्हणाली, ‘एक टेबल.’ काकूंना वाटलं, चेष्टा करतेय.

यंदा आत्याचं जपानचं चाललंय. परवा माझ्यासमोर तिनं एजंटला फोन लावला. किंमत नंतर विचारली, केबिन नंतर, जेवण व्हेज मिळेल का हे तर सगळ्यात शेवटी. पहिला प्रश्न होता, ‘परमिशन जहाजाला आहे की टूरला?’ पलीकडून बराच वेळ काही उत्तर आलं नाही. ‘असू दे, मेल करा,’ आत्या म्हणाली, ‘मला काही घाई नाही.’